डावा हात सुजतोय. यंदा द्राक्षाच्या विरळणीला जाऊ का नको?

मंडपाखालची, तासगाव तालुका

नमस्कार सगळ्यांना. इथं पहिल्यांदाच लिहिते, काही राहिलं तर विचारा.

गेल्या वर्षी माझं डाव्या बाजूचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीपण काढल्या. मग केमो, मग लाईटी, म्हणजे रेडिएशन. आता रोजची एक गोळी चालू आहे, ती पाच वर्षं घ्यायची आहे. बाकी ठीक. जेवण जातंय, केस परत आलेत, पहिल्यापेक्षा कुरळे आलेत म्हणून जाऊ चेष्टा करते.

खरं दुखणं आता सांगते. दिवाळीच्या आधी ब्लाउज शिवायला टाकले होते. घालून बघितले तर उजवी बाही बरोबर आणि डावी दंडाला रुततेय. शिवणाऱ्या वहिनींना म्हटलं, तुमचं माप हुकलं. त्यांनी तिथंच टेप लावली, दोन्ही दंडांत इंचभराचा फरक. म्हणाल्या, माप माझं नाही हुकलं, तुम्ही डॉक्टरला दाखवा. तेव्हापासून लक्ष ठेवते तर मनगटावरच्या शिरा दिसंनात, हात भरून आल्यासारखा जड, संध्याकाळी अंगठी निघंना. दुखतंय म्हणावं तर तसं दुखत नाही, नुसतं ओढल्यासारखं. सकाळी जरा उतरलेलं असतं, दिवसभर कामात गेलं की परत तेच.

गावातल्या दवाखान्यात गेले. लघवी होणाऱ्या गोळ्या दिल्या. रात्रभर उठून उठून बेजार झाले, हाताला थोडा फरक पडल्यासारखा वाटला आणि गोळ्या संपल्या तसा हात परत होता तेवढा.

घरात प्रत्येकाचं वेगळंच. सासूबाई म्हणतात हात गळ्यात अडकवून बस, एक ग्लाससुद्धा उचलू नको. चुलत जाऊ म्हणाली हा हत्तीरोग, तेव्हापासून तिची पोरं माझ्याजवळ यायची बंद झाली. मालक काही बोलत नाहीत पण धारेला स्वतःच बसायला लागलेत, त्यांना नीट जमत नाही, म्हैस पान्हा सोडत नाही.

आमची दीड एकर द्राक्षाची बाग आहे. छाटणी होऊन घड लागलेत, विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढायचं काम, आठवड्या-दोन आठवड्यांवर आली. दरवर्षी मजूर बायकांच्या टोळीत मी पुढं असते. हात वर करून दिवसभर कात्री चालवायची असते, त्यात जी.ए.चं डिपिंग, म्हणजे मणी फुगायच्या औषधात घड बुडवायचे. मला एवढंच सांगा, ही सूज जाते का? आणि मी बागेत जाऊ का नको?


कऱ्हाडच्या बाई

अगं-तुगं करते, राग मानू नकोस. जन्मभर शाळेत शिकवलंय, सवय जात नाही.

आधी एक काम कर. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना हात दाखवून ये, आणि तेही विरळणीच्या आधी. तू लिहिलंस त्यावरून हा लिम्फेडेमाच वाटतो, म्हणजे गाठी काढल्यावर हातात पाणी साठून येणारी सूज, माझाही असाच सुरू झाला. पण शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी हात सुजतो, आणि क्वचित आजाराने काखेत परत डोकं वर काढलं तरी सुजतो. ते नाही ना, हे त्यांनी हाताने चाचपून आणि लागली तर सोनोग्राफी करून सांगायचं असतं. इथं आम्ही कितीही लिहिलं तरी ते आम्हाला कळणार नाही. हात एकाएकी सुजला, निळसर झाला, खूप दुखायला लागला किंवा दम लागला, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

आता समजावून सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. रक्तातून जे पाणी अंगात पाझरतं, ते सगळंच शिरांमधून परत जात नाही. उरलेलं पाणी, त्यातली प्रथिनं, जंतू, मेलेल्या पेशी, हे सगळं अगदी बारीक नळ्या गोळा करतात. हाताकडचं ते काखेतल्या गाठींमध्ये येतं, गाळलं जातं आणि गळ्याच्या बुडाशी परत रक्तात मिसळतं. तुझ्या त्या गाठी काढल्या, वर लाईटीने तिथली जागा आवळली. चारी गाळाने भरली की वरच्या अंगाला पाणी तुंबतं ना, तसं ते हातात तुंबलंय. ह्या पाण्याला ढकलायला हृदयासारखा पंप नाही. स्नायू हलले, छाती भरून श्वास घेतला की ते पुढं सरकतं. म्हणून हात गळ्यात अडकवून बसायचा सासूबाईंचा सल्ला मायेचा खरा, पण उलटा. त्याने हात आणखी भरेल आणि खांदा धरेल तो वेगळाच.

जावेला सांग, हत्तीरोग डासामुळे होतो. फायलेरियाचे जंत त्याच नळ्यांमध्ये जाऊन बसतात, म्हणून सूज दिसायला सारखी. आपल्या महाराष्ट्रात त्याचे रुग्ण विदर्भाकडे जास्त. तुझं कारण ऑपरेशनचं आहे. तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही, ना हाताचं, ना कॅन्सरचं. पोरांना बोलाव आणि तुझ्या ताटात जेवायला बसव. ह्या एका गोष्टीचा मला जेवढा राग येतो तेवढा सुजेचाही येत नाही.

सूज जाते का म्हणालीस. पुरती जात नाही असंच धरून चाल, म्हणजे रोज उठून निराश व्हायला नको. पण ताब्यात राहते, आणि लवकर धरली तर चांगलीच राहते. माझा उजवा हात, म्हणजे खडूचा. त्याच हाताने निवृत्त होईपर्यंत फळ्यावर लिहिलं आणि आता पुरणपोळ्या लाटते. सकाळी आंघोळ झाली, हात पुरता कोरडा केला की चहाच्या आधी स्लीव्ह, म्हणजे हाताला दाब देणारी घट्ट बाही, चढवते, कारण तेव्हा हात सगळ्यात उतरलेला असतो. नुसती ओढून ती चढत नाही आणि नखांनी ओढली तर विरते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालायचे, स्लीव्ह कोपरापर्यंत उलटी करून पंजा आत घालायचा, आणि मग रबरी तळव्याने वरवर चोळत चोळत कापड पसरत न्यायचं. एकही सुरकुती ठेवायची नाही, कोपराच्या आतल्या बाजूला तर मुळीच नाही, तिथं काचतं. वरचं तोंड दंडावर दुमडायचं नाही. दुमडलं की तिथंच दोरी बांधल्यासारखं होतं आणि खाली सूज. रात्री काढायची, साध्या साबणाने धुवायची, सावलीत वाळवायची. म्हणून दोन लागतात, एक अंगावर, एक दोरीवर. मे महिन्यात नको नको होतं हे कबूल. पण मे महिन्यातच हात जास्त सुजतो, काय करणार.

मात्र स्लीव्ह आत्ता लगेच दुकानातून आणू नकोस. ते का, हे इथल्या मिरजेच्या मॅडम माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.


सह्याद्री 77

ताई, आमच्या आत्याचा पाय सुजायचा. गरम तेलाने जोर लावून रगडून घेतला आणि जळवा लावल्या, दूषित रक्त निघून गेलं, हलकं वाटलं. करून बघायला काय हरकत आहे?


फिजिओ, मिरज

हरकत आहे, आणि मोठी आहे. दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण ह्या हाताला जळू लावायची नाही. जंतूंशी लढणारी यंत्रणा तिथं आधीच कमजोर झालेली असते. छोट्या जखमेतून जंतू आत गेले तर बघता बघता हातभर पसरतात. जोरात रगडणं, गरम तेल, गरम पाण्याचा शेक, ह्यानेही तिकडे रक्त जास्त येतं आणि सूज वाढते.

ताई, बाईंनी सांगितलं तसं आधी सर्जनना दाखवा. पुढचं मी कामाच्या अनुभवावरून सांगते, तुमचा हात तपासलेला नाही हे लक्षात ठेवून वाचा.

लघवीच्या गोळ्यांनी तुमचा हात का उतरला नाही, तर हे साठलेलं नुसतं पाणी नाही. त्यात प्रथिनं आहेत. गोळी शरीरातलं पाणी बाहेर काढते, प्रथिनं हातातच राहतात आणि परत पाणी ओढून घेतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी कुणाला त्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी त्या बंद करायच्या नाहीत. पण लिम्फेडेमावर त्यांचा उपयोग नाही.

काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो. आता जिथं जमतं तिथं आधी सेंटिनल, म्हणजे पहिल्या एक-दोन गाठीच काढून तपासतात आणि त्या स्वच्छ असतील तर तिथंच थांबतात. त्यात प्रमाण बरंच कमी, वीसात एकीच्या आसपास. काखेवर रेडिएशन, वाढलेलं वजन आणि हाताला होणारा जंतुसंसर्ग ह्यांनी शक्यता वाढते. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतो, पण दहा वर्षांनी आलेल्याही पाहिल्या आहेत. त्यामुळे तुम्ही काम केलंत म्हणून झालं, असं कुणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

घरी एक करून बघा. सुजलेल्या भागावर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खड्डा पडला आणि तो हळूहळू भरला, आणि रात्री हात उशीवर ठेवून झोपल्यावर सकाळी सूज उतरते असं असेल, तर ही पहिली पायरी आहे. इथं धरलं तर हात बराच मागे येतो. तसंच सोडलं तर त्या प्रथिनांभोवती आत चरबी आणि चिवट तंतू वाढतात, मग दाबलं तरी खड्डा पडत नाही आणि उशीने उतरतही नाही. त्यानंतरही उपचार आहेत, पण मेहनत दुप्पट.

उपचार दोन टप्प्यांत असतो. आधी हात उतरवायचा, मग उतरलेला राखायचा. उतरवायच्या टप्प्यात साधारण दोन ते चार आठवडे जवळजवळ रोज यावं लागतं. अगदी हलक्या हाताने मालिश असते, तिला मालिश म्हणणंही जड वाटावं इतकी हलकी. फक्त कातडी सरकते. आणि सुरुवात सुजलेल्या हातापासून नसते, आधी गळा, पलीकडची काख, त्याच बाजूची जांघ, म्हणजे पाण्याला जायला दुसऱ्या वाटा मोकळ्या करायच्या आणि मग हाताकडे यायचं. त्यावर बँडेजचे थर. मेडिकलमध्ये मिळणारं ताणणारं क्रेप बँडेज त्यासाठी चालत नाही. ह्याची पट्टी फारशी ताणत नाही, त्यामुळे तुम्ही हात हलवला की स्नायू आतून तिच्यावर दाबतात आणि पाणी पुढे जातं, तुम्ही निवांत असता तेव्हा ती आवळत नाही. दाब बोटांकडे जास्त आणि वर जाताना कमी. उलटं बांधलं गेलं तर पंजा फुगतो, म्हणून हे शिकूनच करायचं. बोटं निळी पडली, बधिर झाली तर लगेच सोडायचं.

स्लीव्ह आत्ता का नाही, तर तिचं काम उतरलेला हात राखणं. सुजलेल्या हाताचं माप देऊन आणली तर ती सूज तेवढीच राखेल. बँडेजने हात उतरला की मग माप.

आता तुमच्या विरळणीचं. पूर्वी आम्हीच सांगायचो, पाच किलोच्या वर उचलू नका, हाताला जपा. 2009 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लिम्फेडेमा असलेल्या 141 बायकांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. अर्ध्या जणींना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. वर्षअखेर त्यांचा हात बाकीच्यांपेक्षा जास्त सुजला नाही, उलट सूज उफाळण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. त्या बायका स्लीव्ह घालून व्यायाम करत होत्या आणि अगदी हलक्या वजनापासून सुरुवात केली होती, हे दोन्ही महत्त्वाचं. तुम्ही दिवाळीपासून हात जपताय आणि एकदम पहिल्या दिवशी टोळीबरोबर आठ तास मंडपाखाली उभ्या राहिलात, तर तो हळूहळू वाढवलेला व्यायाम होत नाही.

हात वर असणं वाईट नाही. तासन्‌तास तो एकाच अवस्थेत ताठ धरणं त्रासाचं. कात्री तुमच्या उजव्या हातात असणार, डाव्याने घड धरणार, म्हणजे नेमका डावाच ताठ राहणार. पहिल्या दिवशी दोन ओळी करा, मध्ये मध्ये हात खाली घेऊन मुठी आवळा-सोडा, खांदे फिरवा, दोन-चार मोठे श्वास घ्या. संध्याकाळी माप घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात होता तसा झाला तर एक ओळ वाढवा, नाही झाला तर तेवढ्यावरच थांबा. डिपिंगला मात्र रबरी हातमोजे, आत सुती, आणि ह्या वर्षी ते काम दुसऱ्या कुणाला दिलंत तर उत्तम. वैरण टाकताना उसाच्या वाढ्याने कातडी चिरते, तिथंही हातमोजा. चिरलंच तर साबणाने धुवून जंतुनाशक मलम लावा आणि लक्ष ठेवा. कातडी कोरडी पडू देऊ नका, साधं खोबरेल रात्री हलक्या हाताने लावलं तरी चालतं.

एक गोष्ट दारावर लिहून ठेवा. हात लाल, गरम, चमकदार झाला, थंडी वाजून ताप आला, तर तो संसर्ग आहे. त्याच दिवशी डॉक्टर, अँटिबायोटिक, आणि तो बसेपर्यंत मालिश, बँडेज, स्लीव्ह सगळं बंद.

रक्तदाब आणि इंजेक्शनबद्दल सगळ्या विचारतात म्हणून आधीच सांगते. शक्य असेल तेव्हा उजवा हात पुढे करा. पण अडीअडचणीला डाव्या हातात सुई घ्यावी लागली तर रडत बसू नका. 2016 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून आलेल्या अभ्यासात रक्त काढणं, इंजेक्शन, रक्तदाब, विमानप्रवास ह्यांचा सूज वाढण्याशी संबंध आढळला नाही. जास्त वजन, संसर्ग, काखेतल्या गाठी काढणं आणि तिथलं रेडिएशन ह्यांचा आढळला.


मंडपाखालची

बाई, मॅडम, दोघींनाही नमस्कार. सोमवारी मिरजेला जातोय. जावेला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही पण धाकटा संध्याकाळी आला होता लाडू मागायला.


कोरेगावचा

माझ्या मंडळींना हा त्रास आहे, म्हणून पुरुषाच्या बाजूचं थोडं लिहितो.

बँडेज रोज दवाखान्यात जाऊन बांधून घेणं खेड्यातल्या माणसाला परवडत नाही. एसटीचं भाडं, दिवसाचा खाडा, आणि परत येईपर्यंत ते ढिलं. आम्हाला साताऱ्यात फिजिओनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, घरातलं कोण शिकणार? मी म्हटलं मी. आधी हातभर सुती नळीसारखं कापड चढवायचं, मग प्रत्येक बोटाला बारीक गॉज, अंगठा विसरायचा नाही. त्यावर कापसाची किंवा फोमची गादी, कोपराच्या खळग्यात जास्त. मग पंजापासून पट्ट्या, आधी अरुंद, वर रुंद. बांधताना तिला मूठ आवळायला लावायची आणि पंजा टेबलावर दाबून धरायला लावायचा. झालं की बोटांची टोकं बघायची, नख दाबून सोडलं की लगेच गुलाबी व्हायला पाहिजे. पहिल्यांदा मला तासभर लागायचा, आता मालिका लागते आणि जाहिराती येईपर्यंत होतं. सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे सोडलेल्या पट्ट्या परत गुंडाळणं. ते आमच्या शाळकरी पोराकडे दिलंय.

ताई, तुम्ही मिरजेला गेलात की मालकांना आत घेऊन बसा. बाहेर बाकावर बसवू नका. धारेला बसणारा माणूस आहे, बँडेजही बांधेल.

मापाचं सांगतो. बॉलपेनाने मनगटाच्या हाडाशी एक खूण, तिथून दर दहा सेंटिमीटरला वर एक एक खूण, दोन्ही हातांना सारख्याच. शिवणाची टेप चालते, पण इंचाची बाजू सोडा, सेंटिमीटरची घ्या. टेप कातडीला टेकेल इतकीच, आवळायची नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, सकाळीच. वहीत दोन रकाने. कामाच्या हाताचं माप मुळातच थोडं जास्त असतं, पण आधीचा फरक आणि आत्ताचा फरक ह्यात दोन सेंटिमीटरच्या वर गेलं तर फिजिओंना फोन.

पैशाचं म्हणाल तर ऑपरेशन आमचं महात्मा फुले योजनेतून झालं, स्लीव्हचे पैसे मात्र खिशातून गेले. देशी घेतली. परदेशी तिच्या कितीतरी पट सांगत होते. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो, मग नवी घ्यावी लागते. जुनी हाताला सुखाची वाटते म्हणून बायका तीच घालत राहतात. सुखाची वाटते कारण ती काहीच करत नसते.

हवेने दाबणारं मशीन घ्या म्हणून एकाने आमच्या मागे तगादा लावला होता. फिजिओ म्हणाले, जोडीला चालेल, पण बँडेज आणि स्लीव्हच्या जागी नाही. आम्ही नाही घेतलं.


मंडपाखालची

उशिरा लिहिते, कामाचे दिवस आहेत.

सर्जननी काख तपासली, डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केलं. गुठळी नाही, गाठ नाही. मिरजेतून घरी येईपर्यंत मी आणि हे दोघंही काही बोललो नाही, आणि कवलापूरच्या पुढं आल्यावर ह्यांनी गाडी थांबवून उसाचा रस घेतला. डॉक्टर म्हणाले पहिलीच पायरी आहे, लवकर आलात. बँडेज सुरू झालं. हे शिकलेत, कोरेगावच्या दादांचं ऐकून. बोटं सुटी बांधायला त्यांना त्रास होतो, हात जाड आहेत त्यांचे, पण बांधतात. मनगटावरची एक शीर परत दिसायला लागलीय.

विरळणीला रोज थोडा वेळ जाते. बँडेजसकट. मॅडमनी सांगितल्यासारखी ओळी मोजून. पहिल्या दिवशी टोळीतल्या बायका म्हणाल्या, हाताला प्लॅस्टर का? सांगितलं सगळं. त्यातली एक जण दुपारच्या भाकरीला बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, माझ्या बहिणीचं असंच ऑपरेशन झालंय, ती हात हलवतच नाही. तिचा नंबर घेतलाय.

आता दोन बारीक गोष्टी विचारते, हसू नका. भाकरी थापताना बँडेज पिठात भरतंय, ते कसं सांभाळायचं? आणि माघात भाच्याचं लग्न आहे. मी मामी. हिरवा चुडा दोन्ही हातांत भरायला लागेल, सासूबाई तेवढ्यावर अडून बसल्यात.


कऱ्हाडच्या बाई

भाकरीचं सोपं आहे. बँडेजवरून पातळ प्लॅस्टिकचा हातमोजा, वर मनगटाला सैल. पीठ उजव्या हाताने मळायचं, थापायच्या वेळी डावा फक्त फिरवायला. आणि चुलीची धग डाव्या हाताला लागेल असं बसू नकोस, परात फिरवून घे. तोपर्यंत माघ लागेल आणि तू बँडेजमधून स्लीव्हवर आलेली असशील.

चुड्याचं सासूबाईंना असं सांग, की घट्ट चुडा भरला आणि मांडवात हात सुजला तर बांगड्या फोडून काढाव्या लागतील, आणि लग्नघरात बांगडी फोडणं तुम्हाला चालेल का? एवढं पुरतं. उजव्या हातात हव्या तेवढ्या भर. डाव्या हातात स्लीव्हवरून एक माप मोठ्या, सैल, मोजक्या. कासारणीला आधीच सांगून ठेव, डाव्या हाताला तेल लावून दाबून चढवायची नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात मी स्लीव्हच्याच रंगाचा ब्लाउज शिवून घेतला होता, फोटोत कुणाला कळलं नाही. शिवणाऱ्या वहिनींकडे जा, तुझं माप त्यांच्याकडे आहेच, फक्त डावी बाही सैल ठेवायला सांग आणि काखेत शिवण जाड येऊ देऊ नको म्हणावं.


फिजिओ, मिरज

बाईंच्या उत्तरात मी काही घालत नाही. अंगठी मात्र त्या बोटातली आत्ताच काढून ठेवा, लग्नापर्यंत नको.

स्लीव्हच्या मापाला याल तेव्हा सकाळी लवकर या, आणि बँडेज घरी सोडून येऊ नका. इथं सोडू आणि लगेच माप घेऊ. तासाभराच्या वाटेत हात परत भरतो. इथं हात बघितला तेव्हा तुमच्या बोटांवर आणि पंजावर थोडी सूज होती, त्यामुळे नुसती मनगटापर्यंतची स्लीव्ह नको, पंजाचा भागही लागेल. येताना त्या बहिणीलाही आणा.